सलूहाने न सांगितलेलं नाव

औलाद सिराज गावातली मुलगी सलूहाच्या हातची मेंदी न लावता सासरी गेली, असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. कर्केना बेटावर इतरही मेंदीवाल्या होत्या, पण सलूहाचा हात वेगळा होता आणि जीभही. नवरीच्या तळव्यावर मेंदीचा गोळा थापता थापता ती नवऱ्यामुलाच्या चालण्याची अशी नक्कल करायची, की रडवेली नवरी हसून लोळायची. बाकीची कामंही तिच्याकडेच. साखर-लिंबाचा चिकट पाक करून हातापायांवरची लव काढणं, पांढरे केस झाकणं, भुवया कोरणं, नवरीला जड जरीचा पोशाख चढवणं. बायका तिच्यापुढे पाय पसरून बसल्या की मनातलंही पसरून ठेवत. आणि गावातल्या प्रत्येकाची टोपी उडवणारी सलूहा त्यातला एक शब्दही दुसऱ्या दारी नेत नसे. नवऱ्याला समुद्राने फार पूर्वीच नेलं होतं, मूलबाळ नव्हतं. गावातल्या कुठल्याही घरात ती दार न वाजवता शिरायची.

त्या मार्चमध्ये हेच शिरणं तिच्या अंगाशी आलं.

बहिणीच्या मुलाचं लग्न समुद्रापलीकडे स्फाक्स शहरात होतं. फ्रान्सहून पाहुणे आले होते. गळाभेटी झाल्या, गालाला गाल लागले, एका परातीत सगळ्यांनी कुसकुस खाल्ला, सलूहा घाम फुटेपर्यंत नाचली आणि दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने बेटावर परतली. तेव्हा तो आजार म्हणजे दूरची गोष्ट होती, इटलीची, टीव्हीतली. मग भराभर सगळं बदललं. सरकारने लग्नं थांबवली, संचारबंदी लावली, फेरीवर माणसं घेणं जवळजवळ बंद केलं. औलाद सिराजने हे सगळं ऐकून घेतलं आणि आपलं चालू ठेवलं. नूरीच्या कॅफेचं पुढचं दार बंद झालं, मागचं उघडं राहिलं. पुरुष पत्ते पिसत म्हणत, "पाणी आहे ना मध्ये! आजार काय पोहत येणारेय?" सलूहाही नेहमीसारखी घरोघर जात राहिली. लग्नं नसली तरी केस पांढरे व्हायचे थोडेच थांबतात!

एका दुपारी ती शेजारच्या दहबियासाठी मेंदी भिजवत बसली होती. सवयीने तिने वाडगं नाकाशी नेलं. मेंदी चांगली भिजली की नाही हे ती वासावरूनच ठरवायची. वास नव्हता. मेंदी जुनी असेल म्हणून तिने डबा उघडून हुंगला. काही नाही. कॉफीचा डबा हुंगला. मग ती अंगणात गेली. तिथे दोरीवर कपड्यांसारखे ऑक्टोपस वाळत घातले होते. त्या वासाने स्फाक्सची माणसं नाक दाबून पळतात. सलूहाने एक ऑक्टोपस ओढून नाकाला लावला. ओलं रबर लावावं तसं वाटलं, बस्स.

सकाळपासून अंग मोडून आलंच होतं. ती तशीच ओट्यावर बसली आणि बहिणीला फोन लावला. बहीण रडत होती. फ्रान्सहून आलेला व्याही इस्पितळात होता, श्वासाला नळी लावली होती. नवरी तापाने फणफणली होती. "तुला कसं सांगू तेच कळेना," बहीण म्हणाली. "म्हणे सगळ्यांचं आधी नाकच जातंय."

सलूहाने फोन ठेवला. दहबियाची मेंदी वाडग्यात काळी पडत चालली होती.

बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या गावात काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं. इटलीहून परतलेल्या एका कुटुंबाच्या फाटकासमोर माणसं गोळा झाली, वाटेल ते बोलली, बेकरीवाल्याने त्यांना पाव द्यायचं नाकारलं. त्या घरात कोणाला साधं पडसंसुद्धा नव्हतं. तिला वाटलं, गप्प बसावं. दार लावून घ्यावं, कोणी विचारलं तर सर्दी म्हणावं. बरी झाले तर झाले, नाही तर नाही. कोणाला कळणार होतं?

पण तिच्या डोळ्यांसमोर रफीकाचा चेहरा आला.

रफीका म्हणजे गावच्या ओमदाची बायको. ओमदा हा सरकारने नेमलेला गावाचा प्रमुख; नाव मुन्सिफ, आणि लोक त्याला मान देऊन सी मुन्सिफ म्हणत. रफीका दर काही दिवसांनी स्फाक्सला जायची. गुडघ्यांच्या उपचाराला, असं सी मुन्सिफ सगळ्यांना सांगायचा. गुडघे ठणठणीत होते. रफीकाच्या छातीत गाठ निघाली होती आणि औषधाने तिचे केस गेले होते, भुवयाही गेल्या होत्या. हे फक्त त्या नवराबायकोला ठाऊक होतं, आणि सलूहाला. भुवया गळायला लागल्या त्या आठवड्यात रफीकाने तिला अंजिराच्या बागेतून मागच्या दाराने बोलावलं होतं. "माणसं चांगली आहेत गं मावशी," ती म्हणाली होती, "पण कळलं की माझ्याकडे बघतानाच माझी मयत उचलतील. मला नाही चालणार." तेव्हापासून सलूहा तिच्या भुवया रेखायला जात होती, नवरा घरी नसेल ती वेळ साधून. सी मुन्सिफला वाटायचं, बायको स्वतःच आरशात बघून रेखते. परवाच सलूहा तिच्यासमोर बसली होती. चेहऱ्याला चेहरा लागेल इतकी जवळ, श्वास रोखून, भुवईचं टोक नीट यावं म्हणून.

तिने फोन लावला.

"रफीका, नीट ऐक. मला ती लागण झालीय."



"तपासलं?"

"नाकाने तपासलं. लग्नातली माणसंही पडलीत. तू आता खोलीचं दार लाव. मुन्सिफला बाहेर झोपू दे. विचारलं तर काय सांगशील?"

"गुडघा दुखतोय," रफीका म्हणाली, आणि त्या वेळीही दोघींना हसू फुटलं. मग रफीकाचा आवाज बारीक झाला. "मावशी, दवाखान्याची गाडी माझ्या दारात नको गं. गाडी थांबली की गाव विचारणार, सलूहा हिच्याकडे कशाला जात होती? या घरात ना लग्न ना मेंदी."

"माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही. पण डॉक्टरला तू स्वतः फोन कर. आत्ता. तुझ्या औषधांचं, सगळं सांग. करतेस ना?"

"करते."

"शपथ घे."

"अगं करते म्हटलं ना!"

एवढं झाल्यावर सलूहाने चेहरा धुतला, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला, कोणी बघणार नव्हतं तरी. तिला लिहिता येत नसे, पण फोनमध्ये बोलून पाठवायची कला तिने मस्त उचलली होती. गावातल्या बायकांचा एक ग्रुप होता, नवऱ्यांच्या आणि सुनांच्या तक्रारींसाठी. त्यात ती बोलली:

"बायांनो, सलूहा बोलतेय. हसू नका, आज चेष्टा नाही. स्फाक्सच्या लग्नातून मी तो आजार घेऊन आलेय. दुसरं कोणी सांगण्याआधी मीच सांगते. मी तुमच्या घरी आले, तुमच्या हातचा चहा प्यायले, पोरींचे मुके घेतले. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पाय मोडून घरात बसले असते. आता ज्यांच्याकडे मी आले होते त्यांना ते माहीतच आहे. त्यांनी दारं लावा, म्हाताऱ्यांना वेगळं ठेवा, ताप आला तर डॉक्टरला कळवा. माझ्याकडे कोणी येऊ नका. दहबिया, तुझी मेंदी मी फेकून दिलीय, आता पांढऱ्या केसांनीच राहा. माफ करा मला."

तिने बटणावरचं बोट उचललं. आवाज थरथरला नव्हता, याची तिने पुन्हा ऐकून खात्री करून घेतली.

मग तिने दवाखान्यात फोन केला. डॉक्टर अर्वा संध्याकाळच्या आत आली. मुलगी तरुण, वर्षभरापूर्वीच बेटावर नेमणूक झालेली, पायघोळ पांढऱ्या पोशाखात अंतराळात निघाल्यासारखी दिसत होती. तिने सलूहाच्या नाकात काडी घालून नमुना घेतला आणि मग अंगणाच्या भिंतीपलीकडे उभं राहून विचारलं, "मावशी, लग्नाहून आल्यापासून कोणाकोणाला भेटलात?"

"कोणाला नाही भेटले ते विचार, लवकर संपेल."

पण सांगायला बसली तेव्हा तिने नीट आठवून सांगितलं. डॉक्टर म्हणाली, ही नावं माझ्याजवळच राहतील, मी एकेकीला फोन करेन. सलूहाला ते पटलं. शेवटी ती थांबली.

"आणखी एक घर आहे. ते नाव मी देणार नाही."

"मावशी, हा गुपितं सांभाळायचा खेळ नाहीये. कोणाचा जीव जाईल."

"म्हणूनच तिला तुझ्याआधी फोन केला. ती स्वतः तुझ्याशी बोलेल. नाही बोलली तर उद्या मला विचार, मग बघू."

डॉक्टरने डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला. तिला राग आलेला दिसत होता, आणि तो यायलाच हवा होता. ती गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू व्हायच्या आत तिचा फोन वाजला. ती बराच वेळ बोलत होती. आधी विचारत, मग नुसती ऐकत. मग खाली उतरून पुन्हा भिंतीजवळ आली.

"झालं बोलणं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर केलंत." आणि निघता निघता, "तिच्या दारात गाडी नेणार नाही मी."

रात्रीतून सलूहाचा निरोप बायकांच्या फोनमधून पुरुषांच्या फोनमध्ये गेला. सकाळी तिच्या गल्लीत पुरुष जमले. फाटकापासून लांब, पण एकमेकांना चिकटून. सगळ्यांत पुढे सी मुन्सिफ, तोंडावर हातरुमाल धरून. सलूहा खिडकीच्या लाकडी जाळीमागे बसली होती. ताप चढला होता. इटलीहून आलेल्या त्या घरासमोर अशीच माणसं जमली असतील, असं तिच्या मनात आलं.

"लल्ला सलूहा!" सी मुन्सिफने हाक मारली. लल्ला म्हटलं, म्हणजे अजून मान राखत होता. "अल्ला तुम्हाला बरं करो. पण आम्हाला नावं हवीत. कोणकोणत्या घरात गेला होतात ते चारचौघांत सांगा. त्या घरांपासून लोक लांब राहतील, बाकीचं गाव वाचेल."

"डॉक्टरला सांगितलीत!" सलूहा आतून ओरडली आणि खोकल्याने वाकली.

"डॉक्टर सांगत नाही!"

"मग मी कशी सांगू?"

पुरुषांत गलका झाला. कोणी म्हणालं, हिनेच आणलं आणि वर हीच लपवतेय. कोणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. सी मुन्सिफ वाईट माणूस नव्हता. आदल्या रात्री त्याला झोप लागली नसावी, डोळे लाल होते. बायको अचानक दार लावून बसली होती, हे सलूहाला ठाऊक होतं. त्याला कारण ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून दहबियाचा आवाज आला. दहबिया इतकी म्हातारी होती, की ओमदालाही तिने लहानपणी नाक पुसायला शिकवलं होतं.

"नावं हवीत काय रे तुम्हाला? सांगू दे की तिला! पण नुसती नावं नकोत, कशाला आली होती तेही सांगू दे. मग बघू आज कोणाकोणाच्या चुली पेटतात ते!"

गल्लीतल्या गच्च्यांवर एकेक करून बायका उभ्या राहायला लागल्या. काहींनी ओढणी तोंडावर बांधली होती. सलूहाला जाळीतून त्या दिसत होत्या. प्रत्येकीचं काही ना काही तिच्यापाशी ठेवलेलं होतं. कोणाची मिशी, कोणाचं टक्कल, कोणाची घटस्फोटाची तयारी, कोणाचं दुसऱ्या लग्नाचं मन. पुरुषांना हे सुचलंच नव्हतं. बायकांना रात्रीच सुचलं होतं.

कॅफेवाला नूरी वर बघून ओरडला, "हेनिया! आपल्याकडे आली होती का ती? खरं सांग!"

"आली होती की!" त्याची बायको गच्चीवरून म्हणाली. "तुझेच केस रंगवायला नव्हतं का बोलावलं? काळे हवेत, तपकिरी नकोत म्हणून तूच भांडलास तिच्याशी!"

नूरीच्या काळ्याभोर केसांबद्दल बेटभर कौतुक होतं. सगळी गल्ली हसली. तोंडाला रुमाल लावलेले, चिडलेले, घाबरलेले, सगळे. नूरीने टोपी कानांपर्यंत ओढली.

"हसताय काय!" सी मुन्सिफ कडाडला. "माणसं मरतायत तिकडे! मला हे गाव वाचवायचंय. नावं सांगितलीच पाहिजेत!"

त्याचा फोन वाजला. त्याने कट केला. पुन्हा वाजला. त्याने चिडून कानाला लावला. "रफीका, आत्ता नको—" म्हणाला आणि थांबला.

सलूहा जाळीला टेकली. तो पाठमोरा झाला, हळूहळू भिंतीकडे सरकला. त्याचा रुमाल धरलेला हात खाली आला. एकदा त्याने विचारलं, "कधीपासून?" आणि मग, "मला का नाही सांगितलंस?" बाकी नुसता ऐकत राहिला. फोन बंद केल्यावरही भिंतीकडे तोंड करूनच उभा होता. पुरुष त्याच्याकडे बघत होते.

मग तो वळला. घसा साफ केला.

"नावं कोणी विचारायची नाहीत," तो म्हणाला. "आजही नाही, पुढेही नाही. लल्ला सलूहा प्रत्येक घरी येऊन गेली आहे असं समजायचं. पहिलं घर माझं. मी आता घरी जातो आणि डॉक्टर म्हणेपर्यंत बाहेर येणार नाही. जे काम असेल ते फोनवर. नूरी, कॅफेचं मागचं दार आजच खिळे मारून बंद कर."

"मागचं दार? कुठलं मागचं—"

"काल मी तिथेच पत्ते खेळलोय, मला शिकवू नकोस."

माणसं पांगायला लागली, आणि येताना जशी चिकटून आली होती तशी नाही. एकेकटी, भिंतींच्या कडेने. सी मुन्सिफ सगळ्यांत शेवटी निघाला. जाता जाता तो खिडकीकडे वळला. जाळीमागचं त्याला काही दिसत नव्हतं. त्याने उजवा हात छातीवर ठेवला, मान खाली घातली आणि तसाच क्षणभर उभा राहिला.

सलूहाला त्या वेळी रडू आलं. निरोप पाठवतानाही आलं नव्हतं.

त्यानंतर औलाद सिराज खरोखरीच बंद झालं. सरकारने सांगितलं तेव्हा झालं नव्हतं, ते आता झालं. बंद झालं म्हणजे निपचित पडलं असं नव्हे. मच्छीमार मासे अडवायला समुद्रात रोवलेल्या आपापल्या झावळ्यांच्या कुडांकडे जात, पण एका होडीत एकच माणूस. आलेले मासे धक्क्यावरच्या दगडी कठड्यावर टबांत ठेवत आणि लांब सरकत. मग एकेका घरातून एक जण येऊन नेई. ज्यांच्याकडे होडी नव्हती त्यांच्यासाठी वेगळा टब असे, आणि त्यात नेहमी बरे मासे पडलेले असत. ज्यांच्या घरी जवाचं पीठ होतं त्या बायका पाव भाजून भिंतींवर ठेवत. मशिदीत बांग देणारा, नमाज घरीच पढा असं सांगून झाल्यावर ध्वनिक्षेपकावरून डॉक्टरचा निरोप वाचून दाखवी. ताप कोणाला आला तर लपवत नव्हते. सलूहाने सांगितलं, तिचं काय वाईट झालं? मग आपण का लपवायचं, असा साधा हिशेब होता. दुसऱ्या टोकाच्या त्या गावातून, इटलीहून आलेल्या कुटुंबासाठी, कोणीतरी सी मुन्सिफला फोन केला. तो तिथल्या ओमदाशी इतका भांडला, की दुसऱ्या दिवशी त्या घराच्या भिंतीवरही पाव ठेवलेला होता.

सलूहाच्या भिंतीवर रोज एक पातेलं येई. जवाच्या भरड्याचं ऑक्टोपस घातलेलं सूप, कधी भोपळ्याचं, कधी नुसता रस्सा. तिच्या जिभेला काहीच कळत नव्हतं. तरीही ती ग्रुपवर निरोप पाठवायची, "आजच्या सुपात मीठ कमी होतं. हेनिया, तुझंच ना?" आणि हेनिया शपथेवर सांगायची, की मीठ बरोबर होतं.

तपासणीत तिला आजार असल्याचं निघालं. मग एका सकाळी उठून बसतानाही धाप लागली. डॉक्टर अर्वाने बोटाला यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, स्फाक्सला जावं लागेल."

स्फाक्सच्या त्या इस्पितळात व्याही वारला होता.

ॲम्ब्युलन्स गल्लीतून निघाली तेव्हा तिला मागच्या काचेतून गच्च्या दिसल्या. सगळ्यांवर बायका होत्या. कोणीच हात हलवला नाही, रडलं नाही. दहबियाने ओठांवर हात आडवा धरला आणि जीभ थरथरवून तो लांब, चढत जाणारा आवाज काढला, लग्नात नवरी उंबरा ओलांडते तेव्हा काढतात तो. पुढच्या गच्चीवरून दुसरीने उचलला, तिथून तिसरीने. पार धक्क्यापर्यंत आवाज तुटला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "हे काय, लग्न आहे की काय?"

"मला कसली नवरी बनवतायत, मेल्या," सलूहा ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून पुटपुटली. पण पाठ ताठ करून बसली, गाडी फेरीवर चढेपर्यंत.

सी मुन्सिफच्या घराची खिडकी बंद होती. पडदा मात्र थोडा बाजूला सरकला होता, आणि फटीत रुमाल बांधलेलं एक डोकं होतं. रेखलेल्या भुवया जरा वाकड्या होत्या. नवऱ्याने रेखल्या असणार.

इस्पितळात ती बरेच दिवस होती. आजूबाजूच्या खाटा रिकाम्या व्हायच्या, भरायच्या. तिच्या फोनमध्ये रोज गाव बोलायचं. कोणाची शेळी व्याली, कोणाच्या पोराने बोलायला सुरुवात केली, नूरीचे केस मुळांशी पांढरे झाले. गावात आणखी काही जणांना लागण झाली होती. ज्यांना ताप आला ते आधीपासूनच वेगळ्या खोल्यांत होते, त्यामुळे ती फार पसरली नाही. रफीकाला काहीही झालं नाही. तिचे उपचार चालू राहिले. फेरी बंद असताना सी मुन्सिफने परवान्यावर सगळे शिक्के मारून आणून तिला स्वतः नेलं-आणलं. गुडघ्यांसाठी. पुढे केस परत आल्यावर रफीकाने ही सगळी गोष्ट स्वतःच बायकांना सांगितली, म्हणून तर आज इथे सांगता येतेय. सलूहाने कधीच सांगितली नसती.

पण एक माणूस गेला. अम्मारकाका, गावातल्याच वसीलाचे सासरे. धक्क्यावर बसून जाळी विणणारा म्हातारा. लग्नाहून आल्यावर सलूहा त्यांच्या नातींच्या हातांवर मेंदी काढून आली होती, आणि काकांनी तिला स्वतः चहा करून दिला होता. त्यांना पुरायला मोजके चौघे गेले. बाकीचं गाव कबरस्तानाच्या रस्त्याला लांब लांब अंतर ठेवून उभं राहिलं. सलूहाला हे फोनवर कोणी सांगितलं नाही. परत आल्यावर दहबियाने सांगितलं.

सलूहा रमजान संपता संपता परतली. बाहेर पडायची मोकळीक हळूहळू मिळत होती, तरी ती पडेना. दार लावून बसायची. बायका भिंतीशी येऊन हाका मारत. ती म्हणायची, अजून दम लागतो. दम लागत नव्हता. अम्मारकाकांच्या घरावरून जावं लागेल म्हणून ती कुठेच जात नव्हती. डॉक्टर अर्वा म्हणाली होती की त्यांना कोणाकडून लागण झाली ते कोणीच सांगू शकणार नाही, ते कॅफेतही जायचे. सलूहाने ऐकून घेतलं होतं, पण मनाला काही ते लागू पडलं नाही.

ईदनंतर एका सकाळी फाटक वाजलं. वसीला होती. तोंडाला मास्क, काळी ओढणी.

सलूहा अंगणात उभी राहिली. पुढे जावं की मागे, तिला कळेना. "वसीला," ती म्हणाली, "मी यायला हवं होतं. पाय उचलत नव्हता गं."

"माहितीये मला," वसीला म्हणाली. "म्हणून मीच आले." ती फाटकाच्या आत दोन पावलं येऊन थांबली. "मावशी, एक गोष्ट सांगते. तुझा निरोप आला ना त्या दिवशी, तेव्हा बाबांनीच मला सांगितलं, पोरींना माझ्या खोलीत येऊ देऊ नकोस. ताप त्यांना आधीच होता, बोलले नव्हते. तू बोललीस म्हणून ते बोलले. माझ्या तिन्ही पोरी धडधाकट आहेत."



"शेवटी शेवटी विचारत होते, सलूहा कशी आहे," वसीला म्हणाली. "म्हणायचे, तिला सांगा, चहा जास्त गोड झाला होता, तिने चेष्टा केली नाही, म्हणजे तेव्हाच ती आजारी असणार."

दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. अंतर राखून, एक फाटकाशी आणि एक अंगणात, दोघी रडल्या. दहबिया गच्चीवरून सगळं बघत होती, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं नाही.

मग वसीलाने डोळे पुसले. "जुलैत नणंदेचं लग्न करतोय. घरातल्या घरात, दहा माणसांचं. ढोल नाही, काही नाही. बाबांनीच ठरवलं होतं ते. नवरीला तू नटवायचंस."

"लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?" वसीला म्हणाली. "अंगणात ये, मोकळ्या हवेत बसू. आणि आज संध्याकाळी जरा माझ्याकडे बघशील का? या तीन महिन्यांत माझं अस्वल झालंय."

सलूहाने तिच्याकडे नीट पाहिलं. मास्कच्या वर वाढलेल्या भुवया तेवढ्या दिसत होत्या.

"एका संध्याकाळीत नाही व्हायचं," ती म्हणाली. "सकाळी लवकर येते."